रोझमेरीचं तेल वापरायचंय? बाटली उघडण्याआधी हे वाचा

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मला डेंग्यू झाला. पंधरा-वीस दिवसांत बरी होऊन कामालाही लागले. जानेवारीत मात्र न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके साचायला लागले. वेणी घालताना बोटांत केस, उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस. आई म्हणाली, "अगं, तापानंतर जातातच केस, येतील परत." मला धीर नव्हता. फोन उघडला की रोझमेरी तेलाचे व्हिडिओ समोर येत होते, म्हणून मी १५ मिलीची एक बाटली मागवली.

रविवारी सकाळी लहानपणापासून खोबरेल तेल लावत आले तसंच ते लावलं. तळहातावर ओतलं, भांगात घातलं आणि बोटांनी चोळलं. आधी गार लागलं, मग चुरचुरायला लागलं, आणि पाच मिनिटांत टाळू भाजल्यासारखी झाली. एक ओघळ कपाळावरून डोळ्याकडे आला. डोकं नळाखाली धरलं तरी ते पाण्याने निघेना. दुसऱ्या दिवशी भांगाच्या दोन्ही बाजूंना लाल पट्टे उठले आणि आठवड्याने तिथे खपल्या धरल्या.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "किती थेंब घातले होते?" मी म्हटलं, "थेंब नाही, ओतलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही याला तेल समजलात. हा अर्क आहे."

त्यानंतर वर्षभर मी जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आपल्याकडे 'तेल' म्हटलं की हात आपोआप पुढे होतो, ओंजळ भरून घ्यायची आणि जिरवायचं. हीच सवय इथे घात करते.

१. कुठली वस्तू घेताय ते आधी ओळखा

बाजारात 'रोझमेरी' या एका नावाखाली निदान चार वेगळ्या वस्तू मिळतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिली म्हणजे इसेन्शियल ऑइल. रोझमेरीच्या पाना-फुलांतून वाफ सोडून काढलेला हा उडून जाणारा सुगंधी अर्क असतो. बाटली छोटी, १० किंवा १५ मिलीची, बहुतेकदा गडद काचेची आणि तोंडाला थेंब पाडणारी टोपी. हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.

दुसरं, केसांना लावायचं तयार तेल. नारळ, तीळ किंवा बदामाच्या तेलात थोडा अर्क आधीच मिसळलेला असतो. मोठ्या बाटलीवर ठळक अक्षरांत 'रोझमेरी हेअर ऑइल' असतं. हे सरळ डोक्याला लावायचंच असतं. मात्र त्यात अर्क किती आहे ते बरेचदा लिहिलेलं नसतं.

तिसरं, वाळलेली पानं साध्या तेलात मुरवून घरी केलेलं तेल. हे सौम्य असतं, पण त्याची ताकद मोजता येत नाही. चौथं, रोझमेरी वॉटर, म्हणजे पानं उकळून गाळलेलं पाणी. ते घरी केलंत तर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांत संपवा. त्यात टिकाऊपणासाठी काहीच नसतं, त्यामुळे बुरशी लवकर धरते. आणि अर्कावर झालेल्या अभ्यासांचे दाखले या पाण्याला लागू होत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

नावाचा आणखी एक घोळ आहे. हिंदीत रोझमेरीला 'गुलमेंहदी' म्हणतात आणि तेच नाव तेरड्यालाही आहे. रोपवाटिकेत 'गुलमेंदी' मागितलीत तर हातात तेरड्याचं रोप येऊ शकतं. रोझमेरी मूळची भूमध्य समुद्राकाठची आणि आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातली. पानं सुईसारखी बारीक, वरून हिरवी आणि खालून पांढरट असतात. चुरडली की कापूर आणि निलगिरीच्या मधला वास येतो.

२. केस का जाताहेत ते आधी शोधा

ही पायरी मी गाळली होती. तुम्ही गाळू नका.

मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा एकदम घटवलेलं वजन यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळतात. शरीरावर ताण आला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि पुढे एकत्रच गळून पडतात. कारण दूर झालेलं असेल तर काही महिन्यांत नवे केस येतात, तेल लावा किंवा न लावा. बाळंतपणानंतरचे केस बहुतेक जणींचे मूल वर्षाचं होईपर्यंत सावरतात. ज्या महिन्यात तुम्ही घाबरून तेल सुरू करता, त्याच सुमाराला केसगळती आपोआप थांबायला लागलेली असते. मग श्रेय बाटलीला मिळतं.

डॉक्टरांकडे जाताना या गोष्टी सोबत न्या:

- गेल्या सहा महिन्यांतल्या आजारपणाच्या तारखा आणि रिपोर्ट
- चालू औषधांची यादी, गर्भनिरोधक गोळ्या आणि जिमच्या पावडरी धरून
- हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या असतील तर त्यांचे कागद
- भांगाचे, एकाच उजेडात काढलेले फोटो
- डोक्याला जे काही लावता त्याच्या बाटल्या, निदान त्यांच्या लेबलांचे फोटो

माझं हिमोग्लोबिन बरं होतं, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बराच खाली गेला होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. माझे केस परत आले त्यात आईने सांगितलेल्या वेळेचा आणि या गोळ्यांचा वाटा मोठा आहे, असं मी मानते. रोझमेरी मी अजूनही वापरते, पण या हिशेबाने.

गोल चकत्या पडत असतील, म्हणजे चाई लागली असेल, टाळूवर पू, खपल्या किंवा चिकट पिवळा कोंडा असेल, किंवा लहान मुलाचे केस जात असतील, तर घरचे प्रयोग नकोत. आधी डॉक्टरांना दाखवा. चिकट कोंड्यात तर तेल चोपडल्याने त्रास वाढू शकतो, कारण तो वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते.

३. अपेक्षा किती ठेवायची

प्रत्येक व्हिडिओत ज्याचा दाखला देतात तो अभ्यास २०१५ साली इराणमधून प्रसिद्ध झाला. आनुवंशिक टक्कल असलेले १०० जण त्यात होते. ५० जणांनी रोझमेरीचं लोशन लावलं आणि ५० जणांनी २ टक्के मिनॉक्सिडिल, म्हणजे केसगळतीवर टाळूला लावायचं नेहमीचं औषध. तीन महिन्यांनी दोन्हीकडे मोजण्याजोगा फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या वाढली आणि दोघांत विशेष तफावत नव्हती. टाळूची खाज रोझमेरीवाल्यांत कमी होती.

ऐकायला छान वाटतं, पण पुढचंही पाहा. काहीच न लावणारा किंवा नुसतं साधं लोशन लावणारा तिसरा गट तिथे नव्हता. मिनॉक्सिडिल सौम्य ताकदीचं होतं, ५ टक्क्यांचंही मिळतं. आणि माणसं शंभरच. म्हणून "रोझमेरी म्हणजे नैसर्गिक मिनॉक्सिडिल" हे वाक्य कुणी ठामपणे म्हणालं तर मी ते मानत नाही. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं असेल तर ते बंद करून रोझमेरी सुरू करू नका.

त्याआधी १९९८ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला चाईच्या ८६ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवूड हे चार अर्क जोजोबा आणि द्राक्षबियांच्या तेलात मिसळून त्यांनी रोज टाळूला मालिश केलं. ४४ टक्के लोकांना सुधारणा दिसली. नुसत्या तेलाच्या मालिशवाल्यांत ती १५ टक्के होती. चार अर्क एकत्र असल्याने त्यातलं रोझमेरीचं काम किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या दृष्टीने यातला खरा धडा प्रमाणाचा आहे. जवळपास २३ मिली तेलात रोझमेरीचे थेंब फक्त ३ होते. मी तळहातावर किती ओतलं होतं, ते आठवलं की अंगावर काटा येतो.

दोन्ही अभ्यासांत सहा-सात महिने सातत्याने लावलं गेलं. दोन आठवड्यांत बदल दाखवणारे फोटो बाजूला ठेवा.

४. बाटली विकत घेताना

लेबलावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव शोधा. जुनं नाव रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस, नवं साल्व्हिया रोझमॅरिनस. दोन्हींचा अर्थ एकच. नुसतं 'रोझमेरी फ्रेग्रन्स ऑइल' किंवा 'अरोमा ऑइल' लिहिलेलं असेल तर तो बहुधा मेणबत्ती-साबणात घालायचा कृत्रिम सुगंध असतो. तो टाळूला लावू नका.

उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता हवाच. चांगले उत्पादक त्या बॅचच्या घटकांचा तपासणी अहवाल मागितल्यावर देतात. तो मिळाला तर कापूर आणि सिनिओल (निलगिरीच्या वासाचा घटक) या दोन ओळी पाहा. रोझमेरी एकच असली तरी माती-हवामानाप्रमाणे अर्काची जात बदलते. मोरोक्को-ट्युनिशियाकडच्या तेलात सिनिओल जास्त असतं, म्हणजे निलगिरीसारखा मोकळा वास. स्पेनकडच्या तेलात कापूर जास्त. कॉर्सिकाकडचं व्हर्बेनोन नावाचा घटक असलेलं तेल मऊ वासाचं आणि महाग. नवख्याने कापूर कमी असलेलं घ्यावं. कारण पुढे दहाव्या पायरीत येईल.

बाटली गडद काचेची हवी. प्लॅस्टिकच्या बाटलीत अर्क ठेवणाऱ्याला आपण काय विकतो हेच कळत नाही, असं मी समजते. फार स्वस्त मिळत असेल तर त्यात निलगिरीचं किंवा कापराचं तेल मिसळलेलं असू शकतं. ही भेसळ जुनी आणि नेहमीची आहे.

घरी एक साधी चाचणी करता येते. पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी एक थेंब अर्काचा आणि एक थेंब खोबरेल तेलाचा टाका आणि कागद पंख्यापासून लांब ठेवा. खोबरेलाचा पारदर्शक डाग दुसऱ्या दिवशीही तसाच असेल. खरा अर्क काही तासांत उडून जातो, फार तर एक पुसट कडा उरते. अर्काच्या जागीही तसाच तेलकट डाग राहिला, तर बाटलीत साधं तेल मिसळलेलं आहे. निलगिरीची भेसळ मात्र या चाचणीत पकडली जात नाही, कारण निलगिरीही उडूनच जाते.

५. सामान जमवा

- ३० मिलीची गडद काचेची रिकामी, कोरडी बाटली
- सुई नसलेली १ मिलीची सिरिंज, मेडिकलमध्ये मिळते
- ५ मिलीचा मापाचा चमचा, औषधाच्या बाटलीसोबत येतो तो चालेल
- बेस तेल: तीळ, बदाम, जोजोबा किंवा खोबरेल
- चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन
- एक वही

थंडीत खोबरेल थिजतं. थिजलेल्या तेलात अर्क घातला तर तो सगळीकडे मिसळत नाही, एका जागी जमून बसतो आणि नेमका तोच भाग बोटाला लागतो. नाशिकच्या डिसेंबरात मी हा अनुभव घेतला. तेव्हापासून थंडीत तिळाचं तेल वापरते. खोबरेलच हवं असेल तर बाटली गरम पाण्यात ठेवून आधी पूर्ण पातळ करा, कोमट होऊ द्या आणि मगच अर्क घाला. गॅसवर तेल तापवत असताना त्यात अर्क कधीही घालू नका. तो ज्वलनशील आहे.

६. मिश्रण करा, मोजून

सुरुवात १ टक्क्याने करा. ३० मिली तेलात ०.३ मिली अर्क. सिरिंजने मोजलं तर प्रश्नच मिटतो. मोजून झालं की सिरिंज टाकून द्या, कारण आतलं रबर अर्काने फुगतं.

थेंबांनी मोजायचं असेल तर आधी तुमच्या बाटलीचा थेंब ओळखा. पुस्तकात १ मिली म्हणजे २० थेंब असा ठोकताळा असतो. माझ्या बाटलीतून मोजले तेव्हा १ मिलीला २७ थेंब भरले. टोपीच्या भोकाप्रमाणे हे बदलतं. २० च्या हिशेबाने ३० मिलीत ६ थेंब लागतात, माझ्या बाटलीने ८. ताज्या वापरापुरतं करायचं असेल तर ५ मिलीच्या एका चमच्याला १ थेंब, इतकं पाठ असलं तरी पुरे.

महिनाभर काही त्रास झाला नाही तर २ टक्क्यांपर्यंत जाता येतं. त्यापुढे जाण्याचं मला काही कारण दिसत नाही. "जास्त घातलं की लवकर गुण येईल" हा विचार इथे चालत नाही, त्वचेचा दाह वाढला तर केस उलट जास्त गळतात.

एक नेहमीची चूक सांगते. माझ्या मैत्रिणीने २०० मिलीच्या खोबरेल तेलात १० मिलीची अख्खी बाटली रिकामी केली. बाटली मोठी म्हणून तिला ते सौम्य वाटलं. हिशेब केला तर ते जवळपास ५ टक्के होतं. आणखी तितकंच तेल घातलं तरी ते जवळपास अडीच टक्के राहतंच.

शाम्पूत थेंब घालायचे असतील तर आख्ख्या बाटलीत नको. हातावर घेतलेल्या शाम्पूत एक थेंब, नीट मिसळून. पाण्यात मात्र अर्क मिसळत नाही. अंघोळीच्या बादलीत टाकलेले थेंब पाण्यावर तरंगतात आणि अंगावर घेताना कच्चेच त्वचेला चिकटतात.

७. आधी कोपराच्या आत लावून पाहा

तयार मिश्रणाचे एक-दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत लावा. धुऊ नका. ४८ तास वाट पाहा. लाली, खाज, पुरळ, फोड यातलं काहीही आलं तर ते मिश्रण तुमच्यासाठी नाही. ॲलर्जी लगेच दिसतेच असं नाही, दुसऱ्या दिवशीही उठते. म्हणून तासाभराच्या चाचणीवर विसंबू नका. पुदिना, ओवा, तुळस यांसारख्या वासाच्या झाडपाल्याने किंवा अत्तराने पूर्वी कधी पुरळ उठलं असेल तर जास्त सावध राहा.

कच्चा अर्क लावून चाचणी करू नका. त्याने निरोगी त्वचाही चिडते आणि तुम्हाला काहीच कळत नाही.

८. लावायचं कसं

आठवड्यातून दोनदा पुरे. टाळू कोरडी, जखम-ओरखडा नसलेली. नुकतीच मेंदी, डाय किंवा स्ट्रेटनिंग केलं असेल तर आठवडाभर थांबा.

एक चमचा मिश्रण वाटीत घ्या. बोटांची टोकं बुडवून भांगाभांगाने टाळूला लावा. केसांच्या लांबीला याची गरज नाही. नखं लावू नका. पाच मिनिटं हलक्या हाताने बोटं गोल फिरवा. मग हात साबणाने धुवा, डोळ्याला लावण्याआधी नक्की. तास-दीड तासाने नेहमीच्या शाम्पूने डोकं धुवा. रात्रभर ठेवू नका. झोपेत ते उशीला, उशीवरून डोळ्याला आणि शेजारी मूल झोपलं असेल तर त्याच्या तोंडाला लागतं.

वहीत तारीख लिहा. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी भांगाचा फोटो काढा. सहा महिन्यांनी फोटो शेजारी ठेवून पाहा. काहीच फरक नसेल तर थांबा आणि डॉक्टरांशी पुढचं बोला.

९. केसांखेरीज कशासाठी

आखडलेले स्नायू, दुखरे सांधे यावर चोळायला युरोपात ही रोझमेरी फार पूर्वीपासून वापरतात. तिथल्या औषध नियामक संस्थेनेही पूरक उपाय म्हणून त्याला मान्यता दिली आहे, मात्र ती दीर्घ परंपरेच्या आधारावर आहे, भक्कम चाचण्यांच्या नाही. २ टक्क्यांचं मिश्रण खांद्याला किंवा पोटरीला चोळलं की ऊब येते आणि बरं वाटतं, हा माझाही अनुभव आहे. गुडघा सुजलेला, गरम लागत असेल तर मात्र चोळत बसू नका, दाखवा.

वासाने तरतरी येते असं म्हणतात, त्यावरही काम झालं आहे. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात २०१२ साली २० जणांना रोझमेरीचा वास भरलेल्या खोलीत बसवून आकडेमोड करायला दिली. ज्यांच्या रक्तात सिनिओल जास्त आढळलं त्यांची कामगिरी सरस ठरली. वीस माणसांवरून स्मरणशक्तीचा दावा करता येत नाही. माझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे: नुसता वास घेतला तरी त्यातली रसायनं रक्तात पोचतात. "वासच तर आहे" म्हणून डिफ्युझर, म्हणजे खोलीत वास पसरवणारं यंत्र, दिवसभर चालू ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून, दोन-तीन थेंब, बस.

पोटात घेणं पूर्णपणे टाळा. चहात थेंब, मधात थेंब, पचनासाठी थेंब, असलं काही करू नका. स्वयंपाकात रोझमेरीची पानं घालणं वेगळं, त्यात अर्क नगण्य असतो. उकळत्या पाण्यात अर्क टाकून वाफारा घेणंही मी सांगणार नाही. वाफेबरोबर तो एकदम डोळ्यांत जातो.

१०. यांनी वापरू नये

तान्ही बाळं आणि लहान मुलं. आपल्याकडे बाळाची टाळू भरायची पद्धत आहे. काही घरांत आता त्या तेलात "केस दाट येतील" म्हणून रोझमेरी घालायला लागले आहेत. कृपा करून असं करू नका. बाळाची त्वचा पातळ असते आणि टाळूवरून ओघळलेलं तेल नाकापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. कापूर आणि सिनिओल तान्ह्या मुलाच्या नाकाशी गेले तर श्वास मंदावू शकतो, अडू शकतो. बाळाच्या झबल्याला कापराची पुडी बांधणं किंवा छातीला कापूर-तेल चोळणं याचाही धोका तोच आहे. घरातल्या मोठ्यांना हे समजावणं अवघड जातं. माझ्या जावेच्या बाळाच्या वेळी मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, टाळू तुम्हीच भरा, पण नुसत्या खोबरेलाने भरा." त्यांनी ऐकलं. त्यांचा हात बाळाच्या डोक्यावरून न काढता बाटली बदलली, की भांडण होत नाही. दहा वर्षांखालच्या मुलांच्या चेहऱ्याजवळ हा अर्क नकोच.

फिट येणारे लोक. कापूर मेंदूला उत्तेजित करतो आणि पुरेशा मात्रेत फिट आणू शकतो. दक्षिण भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी निलगिरी आणि कापूर असलेली तेलं आणि बाम लावल्यानंतर किंवा हुंगल्यानंतर फिट आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. त्यांतले काही आधी कधीच फिट न आलेले होते. रोझमेरीत हे दोन्ही घटक असतात. स्वतःला किंवा घरात कुणालाही अपस्मार असेल तर ना टाळूला, ना डिफ्युझरमध्ये.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही, म्हणून टाळायचं. बाळंतपणानंतरची केसगळती बहुतेकदा आपोआप थांबते, हे वर सांगितलंच आहे. ते काही महिने धीराने काढा.

दमा असेल तर तीव्र वासाने धाप लागू शकते. रक्तदाब ताब्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर डिफ्युझर नको. मांजराचं यकृत असले सुगंधी घटक नीट निकामी करू शकत नाही, आणि अंगावर बसलेले कण ती चाटून पोटात घेते.

११. अपघात झाला तर

त्वचेला कच्चा अर्क लागला: पाण्याने तो पसरतो. आधी साधं खोबरेल किंवा गोडेतेल भरपूर लावून कापसाने पुसा, दोन-तीन वेळा. मग साबणाने धुवा. मला हे त्या रविवारी माहीत असतं तर खपल्या टळल्या असत्या.

डोळ्यात गेला: डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ ते २० मिनिटं धुवा. लेन्स असेल तर काढा. चोळू नका. डोळ्यात गुलाबपाणी, दूध, मध घालू नका. धुऊन झालं की नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

मुलाने बाटली तोंडाला लावली: उलटी करायला लावू नका. उलटीबरोबर हे तेल श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. दूध, मीठपाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालयात जा किंवा १०८ वर फोन करा. मूल हसत-खेळत असलं तरी जा. कापराची फिट कधीकधी काहीही पूर्वसूचना न देता येते.

१२. ठेवायची कशी, टाकायची कधी

देवघराजवळ, गॅसच्या ओट्यावर, खिडकीत ठेवू नका. समई-निरांजनाची ज्योत आणि हा अर्क लांबच बरे. कपाटात, उंचावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, टोपी घट्ट लावून. औषधाच्या ड्रॉपर-बाटल्यांशेजारी तर अजिबात नको. घाईत हात चुकीच्या बाटलीवर जातो.

बाटली उघडली त्या दिवशीची तारीख चिकटपट्टीवर लिहा. हवेशी संबंध आला की अर्क हळूहळू बदलतो, आणि असा शिळा अर्क ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी करतो. उघडल्यापासून वर्षभरात संपवा. मोठ्या बाटलीच्या तळाला थोडंसं उरलं की आत हवाच जास्त असते, म्हणून १० मिलीची बाटली घेणं बरं. तयार केलेलं मिश्रण मी दोन महिन्यांच्या वर ठेवत नाही, त्यातलं तिळाचं तेलही खवट होतं.

ताज्या रोझमेरीचा वास नाकात मोकळा जातो. शिळ्याचा वास टर्पेंटाइनसारखा घशाशी बसतो आणि द्रव किंचित चिकट लागतो. असा वास आला की ती बाटली टाळूला लावू नका. बेसिनमध्येही ओतू नका. टोपी घट्ट लावा, कागदात गुंडाळा आणि ट्यूबलाइट, जुनी औषधं ज्या पिशवीत देता त्या घातक कचऱ्याच्या पिशवीत टाका.